यंत्र-व्यवहार : जुन्या मोटारीचे रुसलेले क्रूझ कंट्रोल

व्यापारी घरांतून जुनी मोटार सहसा विकली जात नाही. पेढीला पहिला मोठा नफा झाला त्या वर्षी आजोबांनी घेतलेली ती गाडी असते. विकून येणारी रक्कम किरकोळ आणि तिच्याशी जोडलेली आठवण मोठी, असा तो हिशेब असतो. अशा गाडीच्या इंजिनावर, ब्रेकवर, रंगावर आणि गाद्यांवर खर्च केला जातो. एक लहानशी सोय मात्र वर्षानुवर्षे बंद पडून राहते. स्टिअरिंगजवळची ती बारीक दांडी कोणीतरी एकदा वरखाली करून पाहतो, काहीच घडत नाही, आणि ‘ते पूर्वीपासूनच बंद आहे’ एवढे बोलून विषय संपतो. ही सोय म्हणजे क्रूझ कंट्रोल : पायाने ॲक्सिलरेटर दाबून न धरता ठरवलेला वेग कायम राखणारी योजना.

या योजनेविषयी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली, तर पुष्कळ पैसा आणि थोडा धोकाही वाचतो. जुन्या मोटारीतील बंद क्रूझ कंट्रोल बहुतेक वेळा नकार देत असते. ब्रेकचा संकेत संशयास्पद वाटला, वेगाची खबर नीट मिळाली नाही, वीजपुरवठा डळमळीत झाला, की स्वतःहून बाजूला व्हावे, अशीच तिची रचना केलेली असते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो ‘काय मोडले आहे?’ असा नव्हे, तर ‘ही योजना कशावर विश्वास ठेवावयास तयार नाही?’ असा. तपासणीचा सारा क्रम या प्रश्नातून ठरतो.

मोटारींचे माहेरघर असलेल्या पिंपरी-चिंचवड परिसरात हा प्रश्न अधिकच विचारण्याजोगा आहे. सुमंत मुळगावकर यांच्या पुढाकाराने टेल्कोने १९६६ साली येथे पाय रोवला. वाहने बनवण्यापूर्वी येथे आधी अवजारे, साचे आणि ती घडवणारी माणसे तयार करण्याकडे लक्ष दिले गेले. आकुर्डीला बजाज आली, पुढे चाकणचे माळरान जर्मन, भारतीय आणि इतर कारखान्यांनी भरून गेले. आज चाकणच्या पट्ट्यात काम शिकलेला तरुण मेकॅनिक नव्या गाडीला स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर दोषाचा क्रमांक वाचतो. जुन्या गाडीला मात्र ही भाषाच येत नाही. तिच्यापुढे स्कॅनर निरुपयोगी ठरतो, आणि तेथून अंदाजाचा कारभार सुरू होतो : आधी हा भाग बदलून पाहू, नाहीतर तो बदलू. कर्जदाराची कागदपत्रे न पाहता कर्ज मंजूर करण्यासारखाच हा प्रकार. पैसा जातो आणि दोष जागच्या जागी राहतो.

या योजनेचा जनक राल्फ टीटर हा अमेरिकन अभियंता दृष्टिहीन होता, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. इंडियाना राज्यातील हॅगर्सटाउन येथे १८९० साली जन्मलेल्या या मुलाची दृष्टी पाचव्या वर्षी झालेल्या अपघातात गेली. तरीही त्याने १९१२ साली अभियांत्रिकीची पदवी घेतली, पिस्टन रिंग बनवणाऱ्या पर्फेक्ट सर्कल कंपनीचे नेतृत्व केले आणि १९३६ साली अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपद भूषवले. त्याचे वकील मित्र गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी होई आणि ऐकू लागले की वाढे. या हेलकाव्यांना कंटाळून टीटरला ही कल्पना सुचली, असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात इंधन आणि टायर वाचवण्यासाठी अमेरिकेत ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची वेगमर्यादा घातली गेली होती. वेग सारखा राखण्याच्या गरजेला त्यामुळे आणखी एक कारण मिळाले. टीटरला १९५० साली पेटंट मिळाले आणि १९५८ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या महागड्या गाड्यांत ही योजना ‘ऑटो-पायलट’ या नावाने विक्रीस आणली. डोळ्यांनी रस्ता न पाहणाऱ्या माणसाने वेगातील चढउतार अंगाने ओळखले आणि डोळस चालकांसाठी उपाय काढला.

क्रायस्लर हे नाव महाराष्ट्राला परके नव्हते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली ती याच क्रायस्लरशी करार करून. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लायमाउथ आणि डी सोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या. अर्थात त्यांत क्रूझ कंट्रोल नव्हते; ते बाजारात येण्यास अजून अकरा वर्षे होती. पुढे घराघरांत पोहोचलेल्या प्रीमियर पद्मिनीतही ते कधी आले नाही. त्यामुळे आज आपल्याकडील जुन्या गाडीत ही दांडी दिसली, तर ती गाडी बहुधा बाहेरून आलेली असते : एखाद्या वकिलातीने वापरून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकलेली, आखातातून परतलेल्या कुटुंबाने सोबत आणलेली, किंवा हौसेने मिळवलेली सत्तर-ऐंशीच्या दशकातील अमेरिकन वा जर्मन गाडी. पिंपरीच्या मातीशी नाते सांगणारी एक पिढीही येथे आठवते. टेल्को आणि डेम्लर-बेंझ यांचा ट्रकांचा करार १९५४ चा. ती ओळख चाळीस वर्षांनी पुन्हा उपयोगी पडली आणि १९९५ साली टेल्कोच्या येथील आवारात मर्सिडीज मोटारींची जुळणी सुरू झाली. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ चा. त्या पहिल्या गाड्या आता तिशी ओलांडत आहेत.

योजनेचे मूळ रूप समजून घेण्यास अवघड नाही. वेग किती आहे ही खबर देणारा संवेदक, चालकाची इच्छा सांगणारी दांडी, दोहोंची तुलना करणारी पेटी, आणि पेटीच्या आज्ञेने थ्रॉटल ओढणारा हात. अमेरिकन गाड्यांत हा हात म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर आकुंचन पावणारा रबरी भाता असतो. त्या पिढीच्या बहुतेक मर्सिडीज गाड्यांत तो विजेच्या लहान मोटरवर चालतो. इतके असले की गाडी वेग धरते. पण वेग धरण्यापेक्षा तो सोडणे महत्त्वाचे, म्हणून खरी कारागिरी सोडण्याच्या व्यवस्थेत ओतलेली आहे.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक अधिकाऱ्याकडे आणि एक रोखपालाकडे. एकट्याला ती उघडता येत नाही, याचा दोघांपैकी कोणालाही अपमान वाटत नाही. व्हॅक्यूमच्या जुन्या योजनेत याच विचाराची उलट बाजू दिसते : वेग सोडवण्यासाठी दोन स्वतंत्र वाटा आणि दोहोंपैकी एकही पुरेशी. ब्रेकच्या पॅडलवर पाय पडला की एक स्विच विजेचा संकेत देतो आणि पेटी आपला हात आखडता घेते. त्याच पॅडलला जोडलेली एक झडप भात्यात बाहेरची हवा सोडते. वीज फसली तरी हवा काम करते.

आता तपासणीकडे. पहिली चाचणी बिनखर्ची आहे आणि ती संध्याकाळी घराच्या अंगणातच करावी. एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे उभे राहून दिवे पाहावेत. ब्रेकचे दिवे आणि क्रूझ कंट्रोल यांचा संबंध काय, असे कोणालाही वाटेल. पण अनेक जुन्या योजनांत तो अगदी जवळचा आहे. पॅडल मोकळे असताना ब्रेकच्या दिव्याच्या तारेत वीज नसते, आणि बल्बमधील बारीक तारेतून ती तार गाडीच्या बॉडीशी, म्हणजे अर्थशी जोडलेली राहते. पेटी हीच जोडणी तपासून खात्री करून घेते की ब्रेक दाबलेला नाही आणि ब्रेकची वायर तुटलेलीही नाही. दिव्यांचे बल्ब उडाले, त्यांच्या होल्डरला गंज चढला किंवा अर्थ ढिला झाला, की ही खात्री हरवते. पेटी नकार देते, आणि तिचा नकार रास्तच असतो, कारण ब्रेकची खबर पोहोचेल याची शाश्वती तिला उरलेली नसते.

याचा एक आधुनिक पोटप्रकार अलीकडे फार आढळतो. हौसेने कोणीतरी मागचे बल्ब काढून तेथे एलईडी बसवतो. प्रकाश झकास पडतो आणि त्याच दिवसापासून क्रूझ कंट्रोल बंद होते. एलईडीमध्ये ती बारीक तार नसते, त्यामुळे पेटीला अर्थ सापडत नाही. २१ वॅटचे मूळ साधे बल्ब परत लावले की महागड्या दुरुस्तीचा विषय पन्नास-शंभर रुपयांत मिटण्याचा संभव असतो. ज्या गाड्यांना मागच्या काचेजवळ तिसरा ब्रेक दिवा नंतर जोडलेला आहे, तेथेही आधी हीच जोडणी पाहावी.

दिव्यांनंतर फ्यूज, आणि त्यानंतर स्पीडोमीटरचा काटा. काटा थरथरत असेल किंवा उड्या मारत असेल, तर वेगाची खबरच खोटी आहे. खोट्या खबरीवर पेटीने काम करावे अशी अपेक्षा ठेवणे चूक. केबलवर चालणाऱ्या मीटरमध्ये आतली तार सुकून अडखळते. तिला साफ करून योग्य वंगण दिले की काटा शांत होतो. दांडीचे आतले संपर्क धूळ आणि गंज यांनी मळतात, ते संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याने बरेचदा सुधारतात. या सर्व गोष्टी एकही भाग विकत न घेता करता येतात, म्हणून त्या आधी.

तरीही काम झाले नाही तर मल्टिमीटर हातात असलेला जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियन हवा. पेटीच्या जोडणीवर चावी फिरवल्यावर बॅटरीइतका दाब मिळतो का; अर्थ पक्का आहे का; ब्रेक मोकळा असताना ब्रेकच्या तारेवर शून्य आणि दाबल्यावर बारा व्होल्टच्या आसपास दिसतात का; मागील चाके भक्कम स्टँडवर आणि पुढील चाकांना अडसर लावून चाके फिरवली असता संवेदकाकडून संकेत येतो का. चारही उत्तरे होकारार्थी आली तरच पेटीकडे संशयाने पाहावे. रोकड जुळत नसली की हिशेबनीस प्रथम बेरीज पुन्हा तपासतो, मग उलटसुलट झालेले आकडे, मग राहून गेलेली नोंद. अफरातफरीचा संशय सर्वांत शेवटी येतो. पेटीचा क्रमही तसाच. ती सर्वांत महाग असते आणि तिच्यावरच सर्वांत आधी आरोप होतो.

पेटी दोषी निघालीच, तर तिचा दोष बहुधा जुनाट आणि साधा असतो. ऐंशीच्या दशकातील मर्सिडीजमध्ये व्हीडीओ या जर्मन कंपनीची पेटी येत असे आणि तिच्यातील सोल्डरचे जोड कालांतराने तडकतात, हे जगभरच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना ठाऊक आहे. गाडीची थरथर आणि उन्हाळा-हिवाळ्याचे ताप-थंड चक्र यांमुळे सर्किटच्या पाटीवर पिनेभोवती केसाएवढी बारीक गोल भेग पडते. भिंगाखाली पाहिली तर ती दिसते. लक्षण ओळखीचे आहे : गाडी थंड असताना योजना चालते आणि अर्ध्या तासाने सुटते, किंवा खड्ड्यावर आदळताच सुटते. उपाय म्हणजे जुने सोल्डर काढून नवे भरणे, आणि ते करताना त्या काळच्या पाटीला मानवणारे शिशाचेच सोल्डर वापरणे. पाटीवरील कपॅसिटर तीस-चाळीस वर्षांत सुकलेले वा पाझरलेले असतात, तेही त्याच वेळी बदलावेत. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांची इलेक्ट्रॉनिक कार्डे दुरुस्त करणारे लहान कारागीर आहेत. मोटारीचे काम ते नेहमी करत नसतील, पण सर्किटची पाटी ही सर्किटचीच पाटी असते. मोठ्या कारखान्यांच्या सावलीत वाढलेल्या या कौशल्याकडे जुन्या गाडीचे मालक सहसा वळत नाहीत, हे थोडे नवलाचे आहे. ते परदेशातून वापरलेली पेटी मागवतात, तिच्यावर आयात शुल्क भरतात, आणि तीस वर्षे जुन्या भेगांच्या बदल्यात तितक्याच जुन्या दुसऱ्या भेगा घरी आणतात.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातील गाड्यांचे दुखणे थोडे वेगळे आहे. १९९२ च्या सुमारापासून पुढील काही वर्षे बनलेल्या अनेक मर्सिडीज इंजिनांच्या वायरिंगचे आवरण इंजिनाच्या उष्णतेने ठिसूळ होते आणि बोटाने दाबताच त्याचा भुगा पडतो. थ्रॉटलकडे जाणाऱ्या तारांनाही हेच होते. तेथे क्रूझ कंट्रोल बंद पडणे हा केवळ पहिला इशारा असतो. पुढे इंजिनही अडखळू लागते. अशा गाडीत पेटीवर खर्च करण्यापूर्वी इंजिनाजवळच्या वायरिंगचे आवरण उलगडून पाहिलेच पाहिजे. तारेवर टेप गुंडाळून काम भागत नाही, कारण आवरण आतून सर्वत्र गळत असते.

बंद पडण्याहून निराळा एक दोष आहे : गाडी वेग धरते पण हेलकावे खाते. ताशी ८० ठरवले की ८५, मग ७६, मग पुन्हा ८४. व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मालाची मागणी नोंदवल्यापासून तो दुकानात येईपर्यंत पंधरा दिवस जात असतील आणि दुकानदार रोजच्या विक्रीकडे पाहून रोज मागणी बदलत असेल, तर गोदाम कधी ओसंडते आणि कधी रिकामे पडते. दोष विक्रीचा नसतो, खबर आणि कृती यांमधल्या विलंबाचा असतो. मोटारीत हा विलंब थ्रॉटलच्या सैल साखळीमुळे किंवा केबलमुळे होतो, किंवा व्हॅक्यूमच्या रबरी नळीला पडलेल्या चिरेमुळे. पेटी ओढण्याची आज्ञा देते, सैलपणा संपेपर्यंत काहीच होत नाही, मग एकदम ओढ बसते. नळ्या बदलाव्यात, साखळीचा किंवा केबलचा ढिलेपणा हिशेबाने काढावा. पूर्ण ताणून मात्र ठेवू नये. तसे केल्यास पाय उचलल्यावरही थ्रॉटल किंचित उघडे राहू शकते. इंजिन बंद ठेवून थ्रॉटलचा हात बोटाने उघडून सोडावा. तो चट्कन आणि पूर्ण मागे आला पाहिजे. ही चाचणी समाधानकारक झाली नाही तर क्रूझ कंट्रोलचे नाव काढू नये, आधी ती दुरुस्ती करावी.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय या सदरात घेणे आवश्यक वाटते, ती. गॅरेजमध्ये एक शब्द फार सहजपणे वापरला जातो : ‘डायरेक्ट करून टाकू.’ ब्रेकचा स्विच खबर देत नाही आणि पेटी नकार देते, म्हणून ती तार कापून अर्थला जोडायची. पेटीला मग ब्रेक कायम मोकळाच दिसतो आणि ती खुशाल चालू लागते. मालक प्रसन्न होतो, बिलही लहान येते. पण ब्रेक दाबल्यावर वेग सोडण्याची विजेची वाट कायमची बंद झालेली असते. तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या एकाच खिशात गेल्या. ज्या गाडीत हवेची दुसरी वाट नाही, तेथे चालक ब्रेक दाबत राहील आणि इंजिन गाडी पुढे ओढत राहील. ब्रेक इंजिनावर मात करतील, पण त्या वेळी मागच्या सीटवर घरातील कोण बसलेले असेल, याचा विचार तार कापण्यापूर्वी व्हावा. गाडीला क्रूझ कंट्रोल नसल्याने कोणाचे काही अडत नाही. न सुटणारे क्रूझ कंट्रोल असण्यापेक्षा ते मुळातून काढून टाकणे चांगले.

या सुरक्षा-स्विचचे महत्त्व एका अमेरिकन प्रकरणाने जगाला कळले. फोर्डच्या अनेक गाड्यांत ब्रेकच्या तेलाच्या दाबाने क्रूझ कंट्रोल तोडणारा एक स्विच बसवलेला होता. त्याच्या एका बाजूस ब्रेकचे तेल, दुसऱ्या बाजूस विजेचे टोक आणि मध्ये एक पातळ पडदा. पडदा झिजला की तेल विजेच्या बाजूस झिरपे. ही तार चावी बंद असतानाही जिवंत राहात असल्याने, अंगणात वा गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी तासनतासांनंतर पेट घेई. १९९९ ते २००९ या काळात फोर्डला टप्प्याटप्प्याने सुमारे १ कोटी ४० लाख गाड्या या एका स्विचसाठी परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडील जुन्या गाडीला यावरून एवढाच धडा घेता येतो की, फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा तांब्याची तार कदापि घालू नये. ज्या तारेला चावी बंद असतानाही वीज मिळते, तिचा शोध घेऊन ठेवावा.

पैशाची बाजू थोडक्यात सांगता येईल. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक वा विद्युत बिघाड आणि झीज यांची भरपाई मिळत नाही, म्हणून ही दुरुस्ती खिशातूनच करावयाची असते. तार कापून केलेला जुगाड अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस आला तर दाव्यावर प्रश्न उभे राहू शकतात, हेही लक्षात असावे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि गाडी मूळ स्वरूपात राखलेली असणे ही अट. मूळ पेटी दुरुस्त करून ठेवण्यास त्यामुळे आणखी एक किंमत येते. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच तिला मोकळीक असते.

दुरुस्तीनंतरची रस्त्यावरील चाचणी एकट्याने करावी. घरच्यांना बसवून सुधारणा दाखवण्याचा मोह त्या दिवशी टाळावा. चाकण-तळेगाव रस्ता या कामासाठी अगदीच अयोग्य, तेथे अवजड वाहनांची रांग कधी तुटत नाही. कोरड्या दिवशी, सकाळच्या उजेडात, किवळ्यापासून लोणावळ्याकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाच्या सपाट टप्प्यावर पुढे-मागे मोकळी जागा पाहून ताशी साठच्या आसपास वेग ठरवावा. मग पायाच्या नुसत्या स्पर्शाने ब्रेक दाबून पाहावा : दिवा लागण्याइतक्या दाबाने वेग सुटला पाहिजे. पुन्हा ठरवून दांडीने सोडवावा. दोन्ही वाटा चालल्या तरच पुढील वेग. न सुटल्यास काय करावयाचे ते निघण्यापूर्वीच मनात पक्के असावे : गिअर न्यूट्रलमध्ये टाकणे, ब्रेक लावणे आणि कडेला घेणे. चालत्या गाडीची चावी पूर्ण मागे फिरवू नये, स्टिअरिंगला कुलूप लागते.

घाट सुरू होण्यापूर्वी योजना बंद करावी. जुन्या क्रूझ कंट्रोलला थ्रॉटल उघडता-मिटता येते, ब्रेक लावता येत नाही. उतारावर गाडी तिच्या हाताबाहेर जाते. पावसात, गर्दीत आणि झोप येत असतानाही ते वापरू नये. समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ रस्त्यावर पायाला विश्रांती मिळते हे खरे, पण पायाची विश्रांती डोळ्यांपर्यंत चढू देता कामा नये, आणि दर दीड-दोन तासांनी थांबावे.

दुरुस्ती झाल्यावर कारागिराकडून एका कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात : तारीख, कोणते जोड पुन्हा सोल्डर केले, कोणते कपॅसिटर बदलले, ब्रेकचा स्विच मूळचा आहे की नवा, आणि कोणतीही तार कापून जोडलेली नाही याचा उल्लेख. हा कागद आरसी आणि विम्याच्या फाइलमध्ये ठेवावा. गाडी पुढच्या पिढीच्या हाती जाईल, तेव्हा नवा मेकॅनिक प्रथम तोच मागेल.